दिल्लीचे प्राध्यापक आणि होशंगाबादच्या शाळा

आपल्या या मालिकेत लढाया, किल्ले आणि तहनामे पुष्कळ झाले. आज विषय वेगळा आहे. काही जणांना वाटेल, निवृत्त फौजी माणसाने शाळेच्या विज्ञानावर का बोलावं? पण मला हाही इतिहासच वाटतो. तीस वर्षांची ही एक मोहीम आहे. तिच्यात माणसं होती, रसद होती, मागे मुख्यालय होतं, आणि शेवटी एका सरकारी आदेशाने ती थांबली. शिवाय आपल्यापैकी बरेच जण भोपाळ, इंदूर, इटारसी, जबलपूर भागात पिढ्यानपिढ्या राहताहेत. गोष्ट त्यांच्या अंगणातली आहे आणि तरी अनेकांना ठाऊक नाही.

आधी जागा समजून घेऊ. नर्मदेच्या दक्षिण काठावर होशंगाबाद. २०२२ पासून त्याचं नाव नर्मदापुरम आहे, पण ज्या काळाची गोष्ट आहे त्या काळातलंच नाव मी वापरतो. १९५६ पर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. पचमढी याच जिल्ह्यात. तिथे लष्कराच्या शिक्षण शाखेचं केंद्र आहे, त्यामुळे पिपरिया स्टेशनवर उतरून घाटाची गाडी पकडणं फौजी लोकांच्या सवयीचं. त्याच पिपरियाहून जबलपूरच्या दिशेने थोडं पुढे गेलं की बनखेडी लागतं. आपल्या गोष्टीचं एक टोक या बनखेडीजवळच्या खेड्यात आहे आणि दुसरं होशंगाबाद शहराला लागून असलेल्या रसूलियात.

रसूलियात क्वेकर पंथीयांचं फ्रेंड्स रूरल सेंटर होतं. बनखेडीजवळ किशोर भारती नावाची नवी संस्था उभी राहत होती. ती उभी करणारे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचे संशोधक होते. अमेरिकेत कॅलटेकला पीएचडी केलेला माणूस कुलाब्याची प्रयोगशाळा सोडून खेड्यात राहायला गेला. या दोन संस्थांनी मिळून राज्य सरकारकडे एक साधी परवानगी मागितली: तुमच्या काही सरकारी मिडल स्कूलमध्ये विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवून बघू द्या. मध्यप्रदेशात सहावी ते आठवीच्या शाळेला मिडल स्कूल म्हणतात. परवानगी मिळाली आणि १९७२ मध्ये १६ शाळांत काम सुरू झालं. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम असं त्याचं नाव पडलं. लोक नुसतं ‘होशंगाबाद विज्ञान’ म्हणत.

इथवर ही दोन स्वयंसेवी संस्थांची गोष्ट आहे, आणि अशा संस्था देशात पुष्कळ होत्या. फरक पडला तो पुढच्या पावलाने. टीआयएफआरमधले यशपाल यांच्यासारखे शास्त्रज्ञ सुरुवातीपासून मदतीला होतेच. १९७३ च्या सुमारास दिल्ली विद्यापीठातल्या विज्ञान शिक्षकांचा एक गटही यात उतरला. भौतिकशास्त्राचे विजय वर्मा त्यांतले एक. त्याच विभागातले विनोद रैना तर पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने या कामासाठी प्राध्यापकांना फेलोशिप दिल्या. विचार करा, पदव्युत्तर वर्गाला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारा माणूस सहावीच्या मुलाने काडेपेटीच्या लांबीचं माप कसं घ्यावं यावर डोकं लढवतो आहे, आणि त्यासाठी आयोग त्याला पगारी मोकळीक देतो आहे. आपल्या देशात हे सहज होत नाही.

तेव्हाच का झालं? १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग आठवा. त्याचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी हे स्वतः दिल्ली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचेही अध्यक्ष. शाळा आणि विद्यापीठ ही दोन वेगळी बेटं राहू नयेत, हा विचार वरच्या वर्तुळात रुजला होता. बाहेर जगातही हवा तीच होती. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला त्या सुमारास अमेरिकेने शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडून नव्याने लिहून घेतला. ब्रिटनमध्ये नफील्ड फाउंडेशनने तसंच काम हाती घेतलं. आपल्याकडेही विज्ञान शिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या एका अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याचा अभ्यासक्रम रचला होता आणि टीआयएफआरच्या मदतीने मुंबई महापालिकेच्या शाळांत तो वापरून पाहिला जात होता. होशंगाबादने सुरुवातीला हात धरला तो या अनुभवाचा.

आता वर्गात जाऊ. १९७२ सालची खेड्यातली मिडल स्कूल म्हणजे दोन-तीन खोल्या. प्रयोगशाळा नाही. विज्ञान शिकवणारे गुरुजी बहुतेक वेळा विज्ञानाचे पदवीधर नाहीत. पुस्तकात परीक्षानळीचं चित्र आणि त्याखाली उत्तर. मुलांनी ते पाठ करायचं.

होशंगाबादच्या पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात उत्तरंच नव्हती. हे करा, काय दिसलं ते लिहा, शेजारच्या टोळीशी ताडून पाहा, आता सांगा असं का झालं असावं. बस. मुलं चार-चारच्या टोळीत बसायची आणि प्रत्येक टोळीला साहित्य मिळायचं. साहित्याची मोठी यादी, सामानाची पेटी, कपाट, दरवर्षी फुटतूट भरून काढणं, हे सगळं कार्यक्रमाचा भाग होतं. महागडी काचेची भांडी हळूहळू मागे पडली. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आल्या. फूल उलगडून बघायला टाचणी किंवा सुई लागते. तिच्या जागी बाभळीचा काटा चालतो, आणि बाभळी तर शाळेच्या कुंपणालाच.

एक धडा मला फार आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. धडा अंतर मोजण्याचा. सगळ्या मुलांनी एकच लांबी मोजायची. कोणाची एक येते, कोणाची दोन मिलिमीटर जास्त, कोणाची कमी. नेहमीच्या वर्गात गुरुजी काय करतात? बरोबर आकडा सांगतात आणि बाकीचे चूक ठरतात. इथे सगळे आकडे फळ्यावर यायचे आणि प्रश्न पडायचा की फरक का पडतो. त्याला शब्दही घरगुती होता, ‘घट-बढ़’. मापनात घट-बढ असतेच. ती किती आहे हे सांगता येणं म्हणजेच मोजता येणं. मी तोफखान्यातल्या लोकांसोबत काम केलं आहे. पहिला गोळा नेमका पडत नाही, किती लांब आणि किती डावीकडे पडला हे बघून पुढचा टाकतात. हे आम्ही विशीत शिकलो. बनखेडीचं पोर अकराव्या वर्षी शिकत होतं. पुढच्या इयत्तेत तर संयोग आणि संभाव्यता हा धडा होता. नाणी उडवायची, फासे टाकायचे आणि नोंदी ठेवायच्या.

पण पुस्तक चांगलं असलं म्हणून वर्ग चालत नाही. खरी मेहनत शिक्षकांवर होती आणि विद्यापीठाच्या माणसांचा कस तिथे लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरं भरत, काही आठवड्यांची, नर्मदाकाठच्या मे महिन्यातली. शिबिरात व्याख्यान नसे. गुरुजी स्वतः टोळीत बसून पुस्तकातला प्रत्येक प्रयोग करत आणि दिल्ली, मुंबई, कानपूरहून आलेले प्राध्यापक टोळ्यांमधून फिरत. मध्यप्रदेशातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापकही असत. शाळा उघडल्यावर दर महिन्याला परिसरातल्या शिक्षकांची बैठक व्हायची. प्रत्यक्ष वर्गात जाऊन बघणारे असायचे. कुठला प्रयोग वर्गात फसतो, कुठल्या प्रश्नावर मुलं अडतात, कुठली ओळ गुरुजींनाच कळत नाही, हे परत लिहिणाऱ्यांपर्यंत पोचायचं आणि धडा बदलायचा. ‘बाल वैज्ञानिक’ एकाहून अधिक वेळा नव्याने लिहिलं गेलं ते यामुळेच.

फौजेत आम्ही पाहुणा आणि पोस्टिंग यांत फरक करतो. पाहुणा अधिकारी येतो, युनिट बघतो, चहा घेतो, शेरा लिहून जातो. पोस्टिंगवर आलेल्याला मात्र त्याच जवानांबरोबर पुढचा हिवाळा काढायचा असतो, म्हणून त्याची नजर वेगळी असते. विद्यापीठ आणि शाळा यांचं नातं आपल्याकडे बहुतेक पाहुण्याचं असतं. विज्ञान दिनाला प्राध्यापक येतात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये फूल बुडवून फोडतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि जीप परत जाते. त्याला माझी हरकत नाही, फूल फुटताना मलाही मजा येते. पण होशंगाबादला दिल्लीची माणसं रात्रभर गाडीत बसून तीच ती शाळा, तेच ते गुरुजी यांच्याकडे वर्षानुवर्षं परत येत राहिली. गुरुजींनी अडचणीचा प्रश्न विचारला तर पुढच्या महिन्यात उत्तर घेऊन यावं लागे.

आणि प्रश्न अडचणीचे असत. लहान मुलाला समजेल असं, पण खोटं नाही असं सांगणं हे एम.एस्सी.च्या वर्गापेक्षा अवघड काम आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी नातवाला सांगून पाहावं, विजेच्या दिव्याला दोन तारा का लागतात. या कामाने दिल्ली विद्यापीठाचाही फायदा झाला. तिथे पुढे विज्ञान शिक्षण आणि संप्रेषणाचं एक केंद्र उभं राहिलं, त्यामागे याच मंडळींचा अनुभव होता.

परीक्षेचं काय? तीही बदलली, नाहीतर सगळं फुकट गेलं असतं. आठवीच्या परीक्षेत या शाळांना विज्ञानाची वेगळी प्रश्नपत्रिका होती. पुस्तक आणि वही समोर उघडी ठेवून लिहायचं, आणि शिवाय प्रयोगाची परीक्षा. पाठांतराला जागाच नव्हती. सरकारी व्यवस्थेत राहून, सरकारी शिक्षकांना घेऊन, सरकारी परीक्षेत हा बदल झाला. खासगी शाळेत प्रयोग करणं त्या मानाने सोपं असतं.

१९७८ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम संपूर्ण होशंगाबाद जिल्ह्याच्या मिडल स्कूलना लागू केला. दोनशेहून जास्त शाळा. १६ शाळांना दोन संस्था पुरतात, जिल्ह्याला पुरत नाहीत. म्हणून १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली, आणि काम तिच्याकडे आलं. पुढे इतर जिल्ह्यांतही शाळा घेतल्या गेल्या आणि शेवटी संख्या हजाराच्या घरात गेली. १९८५ मध्ये मुलांसाठी ‘चकमक’ हे मासिक निघालं. मुलं आपले प्रश्न सवालीराम नावाच्या माणसाला पत्राने विचारत. असा माणूस नव्हताच. त्या नावाने उत्तरं लिहिणारे शास्त्रज्ञ आणि शिक्षक होते, पण खेड्यातल्या मुलाला पत्ता मिळाला होता हे महत्त्वाचं.

महाराष्ट्राशी धागा इथे जुळतो. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता पुण्याला टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादला गेले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून भौमितिक आकृत्या करण्याचा त्यांचा खेळ तिथे घडला. तेच अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकात बरीच वर्षं मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. ते केंद्र म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिका, आणि तिच्या इमारतीसाठी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी होती, म्हणून इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं आंतरविद्यापीठ केंद्र. ते निघालं १९८८ मध्ये, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते होशंगाबादच्या पहिल्या दिवसांतले यशपाल. केंद्राचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी शाळकरी मुलांना सुट्टीत शास्त्रज्ञाच्या हाताखाली आठवडाभर काम करू देण्याची प्रथा पाडली. एका कामातून दुसरं कसं निघतं, बघा.

दुसरीकडे टीआयएफआरने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं, तेही सुरुवातीला मुंबईत नाना चौकातल्या महापालिका शाळेत. त्याचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी. त्यांच्या गटाने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं आणि एक गोष्ट पुढे आणली जी आपण मराठी माणसांनी विसरू नये: मुलांना विज्ञान अडतं त्यातलं बरंच भाषेमुळे अडतं. पुस्तकातली भाषा सोपी केली तर मूल ‘हुशार’ होतं. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या संस्कृतप्रचुर संज्ञा आठवा. त्या वाचून मी स्वतः नववीत इंग्रजी पुस्तक उधार आणलं होतं, आणि माझं इंग्रजी काही फार चांगलं नव्हतं.

आता शेवटाकडे येतो. २००२ च्या सुरुवातीला होशंगाबादच्या जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी राज्य सरकारने तो बंद केला. एकलव्यचे प्राथमिक शिक्षणाचे आणि सामाजिक शास्त्राचे कार्यक्रमही त्याच झटक्यात गेले. मुख्यमंत्री होते दिग्विजय सिंह. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विनंत्या केल्या, पण निर्णय बदलला नाही. सरकारचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की राज्यात सगळीकडे एकच अभ्यासक्रम आणि एकच पुस्तक असावं, आणि या जिल्ह्याची मुलं मागे पडू नयेत.

या युक्तिवादाला हसून उडवणारे पुष्कळ भेटतात. मी उडवत नाही. पालकांची काळजी खरी होती. मूल आठवीपर्यंत प्रयोग करत, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देत आलं, आणि नववीत त्याच्यासमोर तेच जुनं पाठांतर, तोच बोर्ड. ज्यांनी बदलीच्या नोकरीत मुलांना तीन राज्यांतल्या पाच शाळांत घातलं आहे, त्यांना अभ्यासक्रम बदलल्यावर होणारी घालमेल सांगायला नको. पण यावर दोन उपाय होते. नववी-दहावी बदलायची, किंवा सहावी ते आठवी पूर्वीसारखी करायची. पहिला उपाय अवघड होता. बोर्ड, शिक्षण खातं आणि विद्यापीठं यांनी तो तीस वर्षांत कधी हाती घेतला नाही. म्हणून दुसरा सोपा ठरला.

माझ्या मते दोष इथे आहे. विद्यापीठातली माणसं आली, पण विद्यापीठ आलं नाही. प्राध्यापक रजा काढून आले, काही फेलोशिपवर आले, काही नोकऱ्या सोडून आले. आपल्या विद्यापीठांत बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात, होशंगाबादच्या मे महिन्यातली शिबिरं मोजत नाहीत. सरकारच्या बाजूनेही तेच. तीस वर्षं झाली, हजार शाळा झाल्या, तरी फायलीत ते ‘प्रयोग’च राहिलं, आणि प्रयोगाला कधीही पुरे म्हणता येतं. फौजेत तात्पुरती चौकी उभारली आणि पक्क्या बांधकामाची मंजुरी आली नाही, की एक दिवस ती उठणार हे हवालदारसुद्धा सांगतो. गुरुजींची बदली झाली की नवा माणूस प्रशिक्षण नसलेला येई. किटमधली फुटलेली बाटली भरून मिळायला उशीर झाला की तो प्रयोग तोंडी होई. या गोष्टी लहान दिसतात, पण रसद तुटते ती अशीच.

बंद झाल्यावर सगळंच पुसलं गेलं का? नाही. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केलेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात करून शिकण्यावर भर आला. त्यानंतर एनसीईआरटीची सहावी ते आठवीची जी विज्ञानाची पुस्तकं निघाली, त्यांत बूझो आणि पहेली ही प्रश्न विचारणारी दोन मुलं होती. तुमच्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं केंद्रीय विद्यालयात किंवा सीबीएसईत शिकली त्यांनी ही जोडी पाहिली असेल. तिचे धागे कुठवर जातात ते आता लक्षात येईल. मात्र पुस्तक छापून सगळ्या देशात जातं, महिन्याची बैठक जात नाही. बूझो-पहेलीची पुस्तकं किती वर्गांत प्रयोग करून शिकवली गेली आणि किती वर्गांत अधोरेखित करून, याचं उत्तर प्रत्येकाने आपल्या घरातल्या मुलाला विचारून घ्यावं.

एकलव्य आजही काम करते आहे. तिच्या हिंदी ‘संदर्भ’ द्वैमासिकावरून पुण्यात मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ सुरू झालं, ज्यांना शिक्षणात रस आहे त्यांनी ते जरूर शोधावं. आणि ‘बाल वैज्ञानिक’ची पुस्तकं कुठे मिळाली तर हिंदी येणाऱ्या कोणालाही उघडून बघता येतील. त्यातला मोजमापाचा धडा घ्या, घरातल्या चार जणांना एकच टेबल मोजायला द्या आणि चारही आकडे कागदावर मांडा. सरासरी लगेच काढू नका. आधी नातवाला विचारा, आजोबांचा आकडा वेगळा का आला.